ढोलीतले बदक आणि लाकडी पेटी

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी आम्ही पाच जण गोठलेल्या पाण्यावरून चालत निघालो होतो. इलिनॉय नदीचा हा एक जुना, मुख्य प्रवाहापासून बाजूला पडलेला फाटा. उन्हाळ्यात चिखल आणि डास यांमुळे इथे पाऊल टाकवत नाही; हिवाळ्यात बर्फ पुरेसा जाड झाला की सरळ चालत जाता येते. म्हणून पाण्यात खांब रोवून त्यांवर बसवलेल्या लाकडी पेट्या साफ करण्याचे काम फेब्रुवारीत निघते. एकाच्या खांद्यावर शिडी, दुसऱ्याकडे पाने-पक्कड, आणि मी ओढत असलेल्या घसरगाडीवर, रंधा मारताना लाकडाच्या ज्या कुरळ्या साली निघतात त्यांची दोन पोती.

पेट्या बदकांसाठी असतात. वुड डक नावाच्या रानबदकासाठी. हे बदक जमिनीवर घरटे करत नाही, झाडाच्या ढोलीत करते. ढोली कमी पडतात म्हणून माणसाने ही पेटी दिलेली.

तिसरी पेटी माझी होती. म्हणजे तीन वर्षांपूर्वी मी स्वतः ठोकून, उभी करून दिलेली. बाजूची फळी उघडली आणि आत हात घातला, तर बोटांना थंडगार, गुळगुळीत गोटे लागले. अंडी! गेल्या वसंतातली. एकेक काढून बर्फावर मांडत गेले. एकतीस भरली. बरीचशी थंडीने तडकलेली. एकही फुटून पिल्लू बाहेर पडलेले नव्हते. मादी उबवायला बसली की पोटाची मऊ पिसे उपटून अंड्यांवर दुलई घालते. इथे ती दुलईही नव्हती. कोणीतरी अंडी घातली होती, पण उबवायला कोणी बसलेच नव्हते.

आमच्यातले सर्वांत वडीलधारे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, हाडाचे शिकारी. त्यांनी त्या अंड्यांकडे पाहिले, मग पाठीमागच्या पायवाटेकडे पाहिले आणि म्हणाले, "लोकांना दिसावी म्हणून इथे लावलीस ना? बदकांनाही दिसली."

त्या दिवशी मला वाक्याचा अर्थ नीट लागला नाही. तो लावण्याच्या नादात जे वाचत गेले, त्यातून हा लेख झाला आहे.

मी मूळची भंडारा जिल्ह्यातली. नवऱ्याच्या नोकरीमुळे गेली वीस वर्षे इलिनॉय राज्यातल्या पिओरिया या गावी राहते. पक्षीशास्त्राचे शिक्षण माझ्यापाशी नाही. मी ग्रंथपाल आहे. पण ग्रंथपालाला एक सोय असते, जुने अहवाल हाताशी असतात आणि धूळ झटकायची लाज वाटत नाही.

आधी पक्ष्याची ओळख. वुड डकचा नर हा उत्तर अमेरिकेतला बहुधा सर्वांत देखणा पाणपक्षी. डोक्यावर हिरव्या-जांभळ्या रंगाची मागे वळलेली शेंडी, तीवर पांढऱ्या रेघा, लालभडक डोळा, विटकरी छातीवर पांढरे ठिपके. मादी राखी-तपकिरी, डोळ्याभोवती थेंबाच्या आकाराचे पांढरे वर्तुळ. लिनियसने १७५८ साली या पक्ष्याला 'स्पाँसा' असे नाव दिले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नवरी, वाग्दत्त वधू. गंमत म्हणजे लग्नाचा शालू नेसल्यासारखा दिसतो तो नवरदेव. नवरी बिचारी घरच्या लुगड्यात. याचा एकुलता एक सख्खा भाऊबंद पूर्व आशियातला मँडरिन डक. चिनी-जपानी चित्रांत जोडप्याने पोहताना दिसतो, तोच.

वुड डकच्या बोटांना तीक्ष्ण नख्या असतात, त्यामुळे तो फांदीवर आरामात बसतो. डोळे मोठे, शेपूट रुंद, दाट झाडीतून वळणे घेत उडण्यासाठी बनल्यासारखे शरीर. ओकची फळे हे त्याचे आवडते खाणे. मात्र एक गोष्ट त्याला येत नाही. त्याला झाड कोरता येत नाही. सुतारपक्ष्याने कोरून सोडलेले मोठे भोक किंवा फांदी मोडून आत लाकूड कुजल्याने झालेली पोकळी, यांवरच त्याचा संसार अवलंबून. आणि अशी पोकळी तरुण झाडाला नसते. झाड म्हातारे व्हावे लागते, त्याची एखादी फांदी वादळात मोडावी लागते, बुरशीने आत काही वर्षे काम करावे लागते. एका ढोलीमागे कित्येकदा शंभर वर्षे उभी असतात.

मादी साधारण डझनभर अंडी घालते आणि महिनाभर उबवते. पिल्ले बाहेर आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आई खाली उतरते आणि हलक्या आवाजात साद घालते. मग आतल्या भिंतीला नख्या रुतवत एकेक पिल्लू भोकाशी चढून येते, क्षणभर थांबते, आणि उडी मारते. पंख नावालाच असतात. पन्नास फुटांवरून पडूनही त्यांना इजा होत नाही. कापसाच्या बोंडासारखी पाचोळ्यावर उसळतात आणि आईमागे पाण्याकडे धावत सुटतात. आई मदत म्हणून काही करत नाही, नुसती बोलावते. हे मी एकदाच पाहिले आहे. शेवटचे पिल्लू भोकात अडून बसले होते आणि खाली दहा जणांची वरात ताटकळत होती. माझ्या आईने मला शाळेत पहिल्या दिवशी कसे सोडले होते ते आठवले.

असो. आता हा पक्षी जवळजवळ गेला होता कसा, ते.

१९०१ साली अमेरिकी शेतीखात्याच्या वार्षिक ग्रंथात ए. के. फिशर यांचा एक लेख आला. विषय होता नाहीशा होत चाललेल्या दोन शिकारी पक्ष्यांचा; त्यांतला एक वुड डक. त्या काळात बदके मारण्याला मर्यादा म्हणून नव्हती. वसंतात, म्हणजे ऐन विणीच्या दिवसांतही बंदुका चालत. मारलेली बदके रेल्वेने शहरांच्या बाजारात जात. आमच्या इलिनॉय नदीवरून तर शिकागो आणि सेंट लुइसला पिंपेच्या पिंपे जात. वुड डकचे दुर्दैव असे की मांसाखेरीज त्याची पिसेही विकली जात. मासेमारीच्या गळावर लावायची खोटी माशी या पिसांची उत्तम होते, शिवाय बायकांच्या टोप्या होत्याच. त्यातून हा पक्षी लांब उत्तरेच्या निर्जन प्रदेशात जाऊन वीण करणारा नाही. तो माणसांच्या शेजारी, वस्त्यांच्या आणि शेतांच्या कडेने राहतो. म्हणजे बारा महिने नेमाच्या टप्प्यात.

दुसरीकडे झाडे जात होती. नदीकाठची जुनी जंगले कापली गेली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागात इलिनॉय नदीच्या पूरमैदानाचा जवळजवळ निम्मा भाग बांध घालून, पंपांनी पाणी उपसून मक्याखाली आणला गेला. बीव्हर हा प्राणी तर त्याच्या कातड्यासाठी आधीच संपवला होता. त्याचा इथे काय संबंध, ते पुढे येईल.

या कथेतला सर्वांत महत्त्वाचा भाग माझ्या मते इथून सुरू होतो, आणि नेमका तोच भाग शाळेच्या मुलांना सांगितला जात नाही. कारण त्यात हातोडी-खिळे नाहीत, कायद्याची कलमे आहेत.

१९१३ साली अमेरिकेच्या संसदेने स्थलांतरी पक्ष्यांच्या शिकारीवर नियंत्रण आणणारा पहिला मोठा कायदा केला. पण वन्यप्राणी ही राज्यांची मालमत्ता, केंद्राने त्यात हात घालू नये, असा घटनेचा वाद उभा राहिला आणि हा कायदा न्यायालयात टिकेना. तेव्हा सरकारने वेगळा रस्ता धरला. १९१६ साली कॅनडाच्या वतीने ब्रिटनशी करारच करून टाकला. परराष्ट्रांशी करार करणे हा तर केंद्राचाच अधिकार! या कराराच्या चौथ्या कलमात दोन बदकांची नावे घेऊन त्यांना खास संरक्षण द्यावे असे लिहिले आहे: एक आयडर आणि दुसरे वुड डक. किमान पाच वर्षे शिकारबंदी, किंवा अभयारण्ये, किंवा अन्य योग्य नियम, असे पर्यायही तिथे दिले आहेत. दोन देशांच्या करारात एका बदकाचे नाव यावे, इतकी वेळ आली होती.

या कराराच्या अंमलासाठी १९१८ चा स्थलांतरी पक्षी करार कायदा झाला. मिसुरी राज्याने त्याला आव्हान दिले. पक्षी आमच्या हद्दीत आहेत, म्हणून आमचे आहेत, असा त्यांचा दावा. १९२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. न्यायमूर्ती होम्स यांच्या निकालाचा मथितार्थ असा, की जो पक्षी काल इथे नव्हता आणि आठवड्याभरात हजार मैल दूर जाऊ शकतो, त्याच्यावर मालकी सांगणे हा फार दुबळा पाया झाला. वकिलीच्या अभ्यासक्रमात हा खटला संघराज्याच्या अधिकारांसाठी शिकवतात. मला तो बदकांसाठी आवडतो.

१९१८ पासून वुड डकची शिकार पूर्ण बंद झाली, ती थेट १९४१ पर्यंत. तेव्हाही काही राज्यांतच आणि दिवसाला एकच पक्षी, एवढी सवलत मिळाली. तेवीस वर्षे एका देशातल्या लाखो बंदूकधाऱ्यांनी एका सोप्या, चविष्ट, सुंदर सावजाकडे पाहून बोट चापावरून काढून घ्यायचे, ही साधी गोष्ट नाही. चोरट्या शिकारी झाल्याच असतील. पण एकूण बंदी टिकली. आणि पक्षी परतू लागला.

त्याच काळात इतर काही गोष्टी आपोआप जुळून आल्या. पूर्वेकडच्या राज्यांत डोंगराळ शेती परवडेना म्हणून लोक सोडून गेले आणि त्या जागी पुन्हा रान वाढले. त्या रानाची झाडे विसाव्या शतकात म्हातारी व्हायला लागली. बीव्हरला पुन्हा आणून सोडले गेले. तो ओढ्यांवर काटक्या-चिखलाची धरणे बांधतो, मागे तळे साचते, तळ्यात उभी झाडे बुडून मरतात, त्यांत सुतारपक्षी भोके पाडतो. वुड डकला हवे ते सगळे एका जागी: ढोली, उथळ पाणी, किडे, आडोसा. बीव्हरसारखा बिनपगारी कंत्राटदार दुसरा नाही.

आणि मग पेटी. तिचे माहेर आमच्या जवळच आहे. पिओरियाहून नदीच्या कडेने तासभर खाली गेले की हवाना नावाचे छोटे गाव लागते. तिथल्या शटॉक्वा अभयारण्यात १९३७ साली केंद्राच्या जीवसर्वेक्षण खात्याने सालीसकट फळ्यांच्या सुमारे पाचशे पेट्या झाडांना लावल्या. या अभयारण्याची जागाही बोलकी आहे: बांध घालून शेती करायचा डाव फसला, नदीने जमीन परत घेतली, तेव्हा ती सरकारने विकत घेतली. पाठोपाठ इलिनॉयच्या निसर्गेतिहास सर्वेक्षण संस्थेचे आर्थर हॉकिन्स आणि फ्रँक बेलरोझ या दोन तरुणांनी आणखी पेट्या लावल्या आणि कोणती पेटी चालते, कोणती नाही, याच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. बेलरोझ यांनी पुढे सगळे आयुष्य हवानाला याच कामात घालवले. १९९४ साली डॅनियल होल्म यांच्यासह त्यांनी वुड डकवर लिहिलेला जाडजूड ग्रंथ आजही प्रमाण मानतात.

त्या नोंदींतून पेटीचे आजचे रूप आले. रॅकून हा मांजराएवढा, हाताने दार उघडू शकणारा चोर. त्याला डोके घालता येऊ नये म्हणून भोक गोल न ठेवता आडवे लंबगोल, चार इंच रुंद आणि तीन इंच उंच. खांबावर उलट्या फनेलसारखा पत्र्याचा शंकू. आत जाळीची पट्टी, पिल्लांना चढायला. तळाशी लाकडाच्या साली, कारण ही मादी चोचीत काडी आणत नाही. ढोलीत असेल त्या भुश्श्यावरच अंडी घालते. दरवर्षी साफ न केलेली पेटी ही पेटी नसून सापळा असतो, हे आमच्या गटाचे ब्रीद.

पेटीची गोष्ट लोकांना फार आवडते, आणि आवडण्यासारखीच आहे. स्काउटची मुले पेट्या ठोकतात, वृत्तपत्रात फोटो येतो, शीर्षक असते: पेटीने वाचवले बदक. मीही तेच मानत होते. पण हिशेब तसा नाही. देशभरात हजारो पेट्या असल्या तरी वुड डकची बहुतांश पिल्ले आजही झाडांच्या ढोलीतूनच उड्या मारतात. पेटीने स्थानिक मदत केली, जिथे पाणी होते पण म्हातारे झाड नव्हते तिथे पोकळी भरून काढली, आणि शास्त्रज्ञांना आत डोकावायला एक दार दिले. पण पक्षी सावरला तो आधी बंदूक थांबल्यामुळे आणि मग झाडे म्हातारी होऊ दिल्यामुळे.

आता त्या एकतीस अंड्यांकडे येते.

वुड डकच्या मादीला एक खोड असते. स्वतःची जागा मिळाली नाही, किंवा मिळाली असली तरी, ती दुसरीच्या घरट्यात गुपचूप अंडी टाकून येते. रानात हे मर्यादित राहते, कारण ढोली पांगलेल्या आणि पानांआड लपलेल्या असतात. दुसरीची ढोली सापडणेच कठीण. नवख्या माद्या जाणत्या माद्यांच्या मागे मागे जाऊन जागा हेरतात. ब्रॅड सेमेल, पॉल शर्मन आणि स्टीव्हन बायर्स यांनी आमच्याच राज्याच्या उत्तर भागात याचा अभ्यास केला आणि १९८८ साली 'काँडोर' या नियतकालिकात तो छापला. उघड्या पाण्यावर, एकमेकींना लगटून लावलेल्या पेट्यांत परकी अंडी खूप जास्त आणि त्यांतली फुटण्याचे प्रमाण कमी. एकट्या, झाडीत दडवलेल्या पेट्यांत चित्र पुष्कळसे रानातल्यासारखे. ढीग फार वाढला की मादीच्या अंगाखाली सगळी अंडी मावत नाहीत, किंवा ती घरटेच सोडून देते. तीस-चाळीस अंड्यांचे ढीग नोंदले गेले आहेत.

यात आणखी एक मेख आहे. पेटीतून जन्मलेली मादी मोठी झाल्यावर बहुधा त्याच परिसरात वीण करायला परत येते. म्हणजे पेट्या यशस्वी झाल्या की माद्या वाढतात, माद्या वाढल्या की अंड्यांचे ढीग वाढतात, आणि एका टप्प्यावर पेट्या भरलेल्या दिसतात पण पिल्ले निघत नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, वा, एकही पेटी रिकामी नाही!

मी काय केले होते? पायवाटेवरून रविवारी येणाऱ्या मुलांना दिसाव्यात म्हणून उघड्या पाण्यात दोन खांबांवर तीन पेट्या, पाठीला पाठ लावून बसवल्या होत्या. फोटो छान आले होते.

'संवर्धन स्थिती' हा शब्द आता थोडा तपासून पाहू. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत वुड डक 'किमान चिंताजनक' या वर्गात आहे, म्हणजे सर्वांत निर्धास्त वर्गात. त्याची संख्या चाळीस लाखांहून अधिक मानली जाते. तरी ही मोजणी सोपी नाही. उघड्या तळ्यांवरची बदके विमानातून मोजता येतात. झाडांच्या छताखाली राहणारे हे बदक विमानाला दिसतच नाही. म्हणून पायात कडी घालून सोडलेल्या पक्ष्यांच्या नोंदी, शिकाऱ्यांकडून परत येणारी कडी, आणि १९६६ पासून दर उन्हाळ्यात ठरलेल्या रस्त्यांवर स्वयंसेवकांनी केलेली पक्षीगणना, यांची सांगड घालून अंदाज बांधतात.

शिकाऱ्यांकडून, हो. कारण या पक्ष्याची शिकार आज पुन्हा होते. साधीसुधी नाही, मॅलार्डच्या खालोखाल सर्वाधिक मारल्या जाणाऱ्या बदकांत त्याची गणना होते आणि अमेरिकेत वर्षाला दहा लाखांच्या आसपास वुड डक मारले जातात. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. आमच्या घरात अंडेही उंबऱ्याबाहेर शिजायचे. ज्यांच्यासोबत मी बर्फावरून पेट्या साफ करत फिरते, त्यांतले तिघे नोव्हेंबरात हीच बदके मारतात.

पण दुसरी बाजूही कागदोपत्री स्पष्ट आहे. १९३४ पासून पाणपक्ष्यांची शिकार करणाऱ्या प्रत्येक प्रौढाला केंद्राचे 'डक स्टँप' नावाचे तिकीट विकत घ्यावे लागते. २०१५ पासून त्याची किंमत पंचवीस डॉलर आहे, आणि डॉलरमधले अठ्ठ्याण्णव सेंट पाणथळ जागा विकत वा भाडेपट्ट्याने घेण्यासाठी खर्च होतात. १९४३ च्या तिकिटावर वॉल्टर बोल यांनी काढलेली वुड डकची जोडी आहे. शिकार पुन्हा सुरू झाली त्याला दोन वर्षे झाली होती. मी शिकार करत नाही, करणारही नाही, तरी गेली सहा वर्षे ते तिकीट घेते. त्या वृद्ध गृहस्थांना मी एकदा विचारलेच, "ज्याच्यासाठी फेब्रुवारीत बोटे गोठवता, त्यालाच नोव्हेंबरात मारता?" ते म्हणाले, "माझ्या आजोबांना आयुष्यात एकही मारू दिला नव्हता. मला तीन मारू देतात. का, ते मला माहीत आहे, म्हणून तर इथे येतो." माझे समाधान झाले असे नाही. पण त्यांचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का होता, हे कबूल केले पाहिजे.

'किमान चिंताजनक' हा शब्द वाचला की मला हल्ली दुसराच पक्षी आठवतो. आमचा नकटा.

भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलाव शेकड्यांनी आहेत. आजोळच्या गावचा तलाव त्यांतलाच. त्याच्या पाळीवर मोठमोठे अर्जुन होते. पावसाळा लागला की नकटे जोडीने यायचे. पाठ काळी, उन्हात हिरवी-जांभळी चमकणारी, डोके पांढरे आणि त्यावर काळे शिंतोडे, आणि नराच्या चोचीवर विणीच्या दिवसांत फुगणारा मांसल उंचवटा. ज्याला नाकावर नाक आहे त्याला नकटा का म्हणतात, हे कोडे मला आजवर सुटलेले नाही. हेही रानबदक झाडाच्या ढोलीतच घरटे करते, आणि त्यालाही झाड कोरता येत नाही. वुड डकचे जे, ते नकट्याचे.

लाल यादीत नकटाही 'किमान चिंताजनक' आहे. आणि नियमाने पाहिले तर त्यात चूक काही नाही. यादी पाहते ती सबंध जगातली जात. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांतला जो काळ मोठा असेल त्यात, संख्या तीस टक्क्यांनी घटली तर 'असुरक्षित'. किंवा प्रदेश फार आक्रसला तर, किंवा प्रौढ पक्षी दहा हजारांहून कमी होऊन घटत राहिले तर. नकटा आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेला. तो एका अख्ख्या तालुक्यातून उठून गेला तरी त्या यादीतला शब्द जागचा हलणार नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या शिकारीला बंदी आहे. बंदुकीचा प्रश्न कायद्यापुरता तरी सुटला. ढोलीचा प्रश्न मात्र कोणत्याच कलमात नाही.

दोन वर्षांपूर्वी आजोळी गेले, तेव्हा तलावाच्या पाळीच्या दुरुस्तीचे काम झाले होते. पाळ छान रुंद, मुरूम टाकलेली, आणि निम्मे अर्जुन नाहीसे.

"मामा, झाडं का काढली?"

"मुळं पाळीत शिरतात पोरी, पाणी झिरपते. साहेबानं तसंच सांगितलं. आणि खोटं नाही ते."

खोटे नाहीच. मातीच्या बांधावर मोठी झाडे असू नयेत, असे बांधकामाचे शास्त्रच सांगते. म्हातारे झाड पडले की मुळांसकट पाळीचा लचका जातो. गावाला धानासाठी पाणी हवे, पाळ फुटली तर सगळेच बुडेल. मामांनी आणि त्या अधिकाऱ्याने काही वाईट केले नाही. फक्त जी झाडे काढायची त्यांतली पोकळ कोणती, हे कोणी पाहिले नाही. उलट पोकळ झाड धोक्याचे, म्हणून तेच आधी गेले असणार.

"मग नकटे येतात का अजून?"

मामा थोडा वेळ तलावाकडे बघत राहिले. "दिसतात कधीमधी. पिल्लं घेऊन फिरताना नाही पाहिले बा, चार-पाच वर्षांत."

मी लगेच म्हणाले, पेट्या लावू! माझ्या डोक्यात आमचा तो लंबगोल भोकाचा आराखडा तयारच होता. मामा हसले. "लाव. साफ करायला दरवर्षी तू येणार आहेस का अमेरिकेतून?" त्यांना त्या एकतीस अंड्यांची गोष्ट ठाऊकही नव्हती, ती तेव्हा घडलीच नव्हती.

नकट्याला पेटी चालेल की नाही हा प्रश्न मी सध्या बाजूला ठेवला आहे. वुड डकच्या कथेत पेटी आली ती बंदीनंतर एकोणीस वर्षांनी, आणि तिच्यामागे नोंदी ठेवणारी माणसे आयुष्यभर हवानाच्या चिखलात उभी होती. आधी ढोल्या किती उरल्या आहेत, हे तरी कळायला हवे. पाळीच्या खालच्या बाजूला, धुऱ्यांवर, मुळांनी पाळीला धोका होणार नाही अशा जागी जी जुनी झाडे आहेत ती आपली आपण मोजता येतात. त्याला खात्याची परवानगी लागत नाही.

यंदाच्या मार्चमध्ये, बर्फ वितळायच्या आत, मी माझ्या तिन्ही पेट्या उतरवल्या. एक आत, विलोच्या दाट जाळीमागे लावली. पायवाटेवरून ती मला स्वतःलाही दिसत नाही. दुसरी तिथून अर्धा मैल लांब. तिसरी गॅरेजमध्ये पडून आहे. जुलैत छोट्या होडीतून जाऊन पहिली उघडली. पिसांची दुलई होती, खाली पिल्ले निघाल्यावर मागे राहतात ते कातड्यासारखे पापुद्रे आणि दोन वाया गेलेली अंडी. पापुद्रे अकरा मोजले. दुसरीत एका छोट्या घुबडाने बिऱ्हाड केले होते. त्याला तसेच राहू दिले.

त्याच आठवड्यात मामांचा फोन आला. पाळीपासून ओढ्यापर्यंत फिरून त्यांनी झाडे मोजली होती. अर्जुन अकरा, मोह सहा, एक जुनाट वड. ढोली असलेली झाडे तीन. एका ढोलीत पोपट आहेत, एकीत मधमाश्या. तिसरी ओढ्याच्या काठच्या मोहात, फार उंच. तिथे काय आहे ते पाऊस उघडल्यावर बघून सांगतो म्हणाले.